परसबागेतले नकोसे जीव

घराभोवती दोन गुंठे जागा असो, नाहीतर गॅलरीत मांडलेल्या दहा कुंड्या असोत, बाग केली की न बोलावता येणारे आलेच. उंदीर-घुशी कंद उकरतात, गोगलगायी कोवळी रोपं एका रात्रीत फस्त करतात, पहिला पाऊस पडला की पेरलेल्या बियांआधी तण वर येतं आणि उंदरांच्या मागावर एखाद्या दिवशी साप येतो. यांना घालवायचं, यावर घरात फारसं दुमत नसतं. वाद होतो तो कसं घालवायचं यावर. एक जण म्हणतो, औषध टाका आणि निकाल लावा. दुसरा म्हणतो, जीव कशाला घ्यायचा, पकडून लांब सोडून या. पहिला निर्दय आणि दुसरा दयाळू, असं आपण चटकन ठरवून टाकतो. माझं म्हणणं असं, की या दोघांचीही नजर फक्त त्या प्राण्यावर आहे आणि तो जिथे आला त्या बागेकडे दोघांनीही पाहिलेलं नाही. एखादा उपाय दयेचा आहे की नाही, हे तो करताना आपल्या मनाला काय वाटलं यावरून ठरवता येत नाही. त्या जिवाचं पुढे काय झालं, त्याच्यामुळे आणखी कुणाचं काय झालं आणि महिन्याभराने तेच सगळं पुन्हा करावं लागलं का, यावरून ते ठरतं. या कसोटीला लावलं तर दयाळू समजले जाणारे कितीतरी उपाय उतरत नाहीत.

‘पकडून लांब सोडणं’ हाच उपाय आधी तपासू. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात उपनगरांतून पकडलेल्या ३८ करड्या खारी एका मोठ्या जंगलात सोडून त्यांचा मागोवा घेण्यात आला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की त्यातल्या ९७ टक्के खारी एकतर थोड्याच दिवसांत मेल्या किंवा त्या जंगलातून नाहीशा झाल्या. जंगल चांगलं होतं, पण ते त्यांचं नव्हतं. अमेरिकेतच एका जातीच्या विषारी खुळखुळ्या सापांवर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नव्या जागी नेऊन सोडलेल्या सापांपैकी निम्म्याहून अधिक मेले. त्याच भागात मूळच्या राहणाऱ्या सापांत हे प्रमाण खूपच कमी होतं. आपल्या जुन्नरचा अनुभव तर महाराष्ट्राला चांगलाच ठाऊक आहे. वस्तीच्या आसपास दिसणारे बिबटे २००१ पासून पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटर दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा अभ्यास केला, तेव्हा बिबट्यांचे माणसांवरचे हल्ले मोहिमेनंतर चौपटीहून जास्त झाल्याचं आढळलं. बिबट्या हा काही परसबागेतला प्राणी नाही. पण खार, साप आणि बिबट्या या तिघांच्या बाबतीत कारण एकच आहे. प्राणी म्हणजे नुसतं त्याचं शरीर नव्हे. पाणी कुठे आहे, लपायचं कुठे, शत्रू कोणत्या बाजूने येतो, ही सगळी माहिती त्याने आपल्या इलाख्यात जन्मभर फिरून गोळा केलेली असते. परक्या जागी ती निरुपयोगी ठरते आणि तिथल्या चांगल्या जागा आधीच दुसऱ्यांनी धरलेल्या असतात. पिंजऱ्यातला उंदीर रात्री ओसाड मैदानात सोडला की आपल्याला हायसं वाटतं. उंदराच्या वाट्याला मात्र भटकी कुत्री, भूक आणि परक्या उंदरांचे चावे येतात. नाहीतर तो जवळच्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरतो.

बरं, आपली जागा तरी रिकामी राहते का? तीही राहत नाही. उंदराच्या मादीची गर्भावस्था जेमतेम तीन आठवड्यांची असते आणि एका वेळी सहा ते बारा पिल्लं होतात. एखाद्या आवारात किती उंदीर राहतील, हे तिथे किती खायला मिळतं आणि किती जागा लपायला मिळते, यावर ठरतं. चार काढले आणि खाणं तसंच राहिलं, तर उरलेल्यांची पिल्लं जास्त संख्येने जगतात आणि शेजारचे उंदीर येऊन मोकळी जागा भरून काढतात. म्हणून सर्वांत दयेचा आणि सर्वांत टिकाऊ उपाय एकच, तो म्हणजे खाणं आणि लपणं बंद करणं. उघड्या खताच्या खड्ड्यात शिजवलेलं उष्टं अन्न टाकायचं नाही; टाकायचंच असेल तर झाकणाचा, तळाला जाळी असलेला डबा वापरायचा. पक्ष्यांसाठी टाकलेलं धान्य आणि कुत्र्याच्या ताटलीतलं उरलेलं संध्याकाळी उचलायचं. झाडाखाली पडलेली फळं रोज वेचायची. भिंतीला टेकून ठेवलेली लाकडं, विटा, जुने पत्रे हलवायचे किंवा जमिनीपासून फूटभर वर मांडायचे. सांडपाण्याच्या पाइपाच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवायची आणि भिंतीतली भोकं सिमेंटने बुजवायची. घरातला लहान उंदीर अवघ्या सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून आत शिरू शकतो, हे लक्षात घेतलं की दाराखालची फटही डोळ्यांत भरू लागते. यात कुणाला मारायचं नाही की कुणाला कुठे नेऊन सोडायचं नाही. उंदरांची संख्या कमी होते, कारण तेवढ्यांचं पोट भरेल असं तिथे काही उरतच नाही.

एवढं करूनही काही उरले, तर मग पद्धतीचा प्रश्न येतो आणि इथे डोळे उघडे ठेवून निवड करावी लागते. बाजारात सर्वांत सहज मिळते ती चिकट फळी. ती वापरणाऱ्याला रक्त दिसत नाही, विषही हाताळावं लागत नाही, त्यामुळे ती सोज्वळ वाटते. प्रत्यक्षात तिच्यावर अडकलेला उंदीर सुटण्याच्या धडपडीत स्वतःची कातडी सोलून घेतो, कधी स्वतःचाच पाय कुरतडतो आणि तहान, भीती, थकवा यांनी तासन्‌तास, कधी एक-दोन दिवसही, मरत राहतो. त्याच फळीवर चिमण्या, सरडे, पालीही चिकटतात. प्राण्यांना विनाकारण यातना देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवलं आहे आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही या फळ्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत. रक्त गोठू न देणाऱ्या विषाच्या वड्यांचीही हीच गत आहे. ब्रोमॅडिओलोनसारखं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही; काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होत राहतो. त्या काळात तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या, मांजराच्या किंवा धामणीच्या तावडीत सहज सापडतो. विष मग त्यांच्या पोटात जातं. म्हणजे उंदीर फुकट मारून देणारेच आपण मारतो. त्या तुलनेत ताकदवान स्प्रिंगचा चाप नीट, भिंतीलगत आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा लावला, तर मरण क्षणात येतं. तो दिसायला भीषण आहे आणि म्हणूनच आपण तो टाळतो. पण पाहणाऱ्याला किती कमी त्रास होतो हे दयेचं माप धरता येणार नाही.

सापाच्या बाबतीत भीती साधार आहे, हे आधी मान्य करायला हवं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही महाराष्ट्रात आहेत. म्हणूनच काठी घेऊन धावणं हा सर्वांत धोक्याचा मार्ग ठरतो; एरवी निघून गेला असता असा साप डिवचल्यावर चावतो. सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना मारणं किंवा हौस म्हणून पकडणं, दोन्ही गुन्हे आहेत. साप घरात शिरला किंवा अडकला, तर लांबून नजर ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावं आणि शक्य तितक्या जवळच्या योग्य जागी त्याला सोडायला सांगावं. बागेच्या कडेने जाणारी धामण मात्र जाऊ द्यावी. ती बिनविषारी आहे, तिचं मुख्य खाणं उंदीर आहे आणि ती नसली की उंदीर वाढून उद्या त्यांच्या मागे नाग येण्याची शक्यताच वाढते. एका गोष्टीकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. भाजीच्या वाफ्याभोवती किंवा वेलांवर टाकलेली नायलॉनची बारीक जाळी जमिनीपर्यंत लोंबत राहते. साप तिच्या चौकटीत डोकं घालतो, अर्धं अंग पुढे जातं, मग पोट अडकतं. मागे यावं तर खवले धाग्यात रुततात. जितका ओढ घेतो तितका धागा मांसात शिरतो आणि उन्हात तो तसाच मरतो. जाळी ताणून बांधली, जमिनीपासून हातभर वर ठेवली आणि हंगाम संपल्यावर गुंडाळून ठेवली, तर ही यातना सहज टळते.

काही जिवांच्या बाबतीत मात्र ‘येऊ देऊ नका’ एवढं पुरत नाही आणि ‘असू दे बिचारं’ म्हणणं हाच निष्काळजीपणा ठरतो. आफ्रिकन शंखी गोगलगाय हे त्याचं ठळक उदाहरण. ती आपल्याकडे आली तीच मुळी एका बागेतून. विल्यम बेन्सन हे शंखांचे अभ्यासक १८४७ मध्ये मॉरिशसहून तिचे जिवंत नमुने घेऊन आले आणि ते कलकत्त्याच्या चौरंगी भागातल्या बागेत सोडले गेले. तिथून ती देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपं इतकी खाल्ली की अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. ही गोगलगाय उभयलिंगी असते, एका खेपेला शंभर ते चारशे अंडी घालते आणि वर्षात अशा अनेक खेपा होतात. तिच्यात उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या असू शकतात आणि त्यामुळे माणसाला मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. अशी गोगलगाय पकडून नाल्याकाठी सोडणं म्हणजे शेजाऱ्यांच्या बागा, पुढची शेतं आणि तिथल्या देशी गोगलगायी या सगळ्यांवर तिला सोडणं आहे. इथे मारणंच योग्य आहे, पण ते नीट मारणं हवं. आधी ओळख पटवावी, कारण सह्याद्रीत अनेक देशी गोगलगायी आहेत आणि त्या बहुतेक निरुपद्रवी असतात. आफ्रिकन गोगलगायीचा शंख लांबट, टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा असतो आणि मोठेपणी बोटाहून लांब होतो.

ती काढायची रीत साधी आहे. पावसाळ्यात दिवस मावळताना ओलं गोणपाट बांधाजवळ पसरावं आणि त्याखाली पपईची किंवा कोबीची पानं ठेवावीत. पहाटे गोणपाट उचललं की रात्रभर चरून गारव्याला आलेल्या गोगलगायी तिथेच चिकटलेल्या सापडतात. हातमोजे घालून त्या वेचाव्यात. भिंतीच्या कडेची ओली माती दोन-तीन बोटं उकरली की साबुदाण्यासारखी पिवळट पांढरी अंडी घोसाने मिळतात. ती ठेचून टाकावीत, म्हणजे पुढचा शेकड्यांचा उपद्रव जन्मालाच येत नाही. वेचलेल्या गोगलगायींवर मीठ टाकण्याची चाल घरोघरी आहे आणि ती सोडून द्यायला हवी. मिठाने अंगातलं पाणी ओढलं जातं, फेस येतो आणि ती वळवळत सावकाश मरते. शिवाय ते मीठ मातीत उतरून झाडांची मुळंही होरपळवतं. जाड पिशवीत घालून जड दगडाच्या एका घावात शंखासकट चेचणं ऐकायला कठोर वाटेल, पण त्यात यातना क्षणाची असते. नंतर त्या खोल पुराव्यात आणि हात साबणाने धुवावेत. गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरच्या बागेत टाकू नयेत. कुत्री-मांजरं त्या खाऊन मरतात आणि ब्रिटनने त्यांचा उघड्यावरचा वापर २०२२ पासून बंदच केला आहे. ‘मग गोगलगायीचा एखादा नैसर्गिक शत्रू आणून सोडला तर?’ हा प्रश्नही विचारून झालेला आहे. हवाई बेटांवर १९५५ मध्ये, पुढे फ्रेंच पॉलिनेशियात, फ्लोरिडाकडची एक शिकारी गोगलगाय याच कामासाठी सोडली. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिआ बेटावर तिने आफ्रिकन गोगलगायीचा फडशा पाडला नाही. दहाएक वर्षांत तिथल्या पार्टुला नावाच्या, जगात अन्यत्र न आढळणाऱ्या गोगलगायी मात्र निसर्गातून नाहीशा झाल्या. जैविक नियंत्रण यशस्वी होतंही; पपईवरच्या पिठ्या ढेकणावर २०१० मध्ये परदेशातून आणलेल्या परजीवी कीटकांनी आपल्याकडे उत्तम काम केलं. पण ते काटेकोर चाचण्यांनंतर संशोधन संस्थांनी करायचं काम आहे, कुणी हौशीने करून पाहायचं नव्हे.

वनस्पतींना आपल्यासारख्या वेदना होत नाहीत. मग तणाच्या बाबतीत दयेचा संबंध काय, असं कुणी म्हणेल. संबंध आहे, कारण तण ज्या मातीत वाढतं त्या मातीत गांडुळं, कोळी, मधमाश्या, बेडूक हे सगळे राहतात आणि तणाला मारायला वापरलेली आग, मीठ किंवा तणनाशक त्यांनाही गाठतं. ग्लायफोसेट या तणनाशकावर तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच वापरण्याचं बंधन घातलं आहे. घरच्या बागेत स्वतः फवारायची ती गोष्टच नाही. आणि खरं तर त्याची गरजही पडत नाही, कारण प्रत्येक तणाचा एक कच्चा दुवा असतो. गाजरगवताची ठळक नोंद गेल्या शतकाच्या पन्नाशीत आपल्या पुण्यातच झाली. त्याचं एक झाड हजारो, अगदी पंचवीस हजारांपर्यंत बिया टाकतं, पण मुळाचा तुकडा उरला तरी एरवी फारसं काही होत नाही. म्हणून ते फुलावर येण्याआधी, पावसाने माती मऊ असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मुळासकट उपटायचं. कारण गाजरगवताने अंगाला खाज सुटते आणि दमाही उठतो. लव्हाळ्याचं नेमकं उलटं. तो मुख्यतः बियांवर जगत नाही, जमिनीखालच्या साखळीने जोडलेल्या काळ्या गाठींवर जगतो. वरून पाती उपटली की साखळी तुटते आणि आजवर निजलेली एकेक गाठ स्वतंत्र कोंब काढते. जितकं उपटावं तितका तो वाढतो, हे अनेकांना कळत नाही. खुरप्याने खोल उकरून गाठी वेचाव्यात आणि त्या कडक उन्हात सुकवून माराव्यात. एप्रिल-मे महिन्यांत ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून महिनाभर ठेवलं तर काही लव्हाळा तापून जळतो. उरलेल्यावर दाट वाढणाऱ्या पिकाची सावली पाडावी, कारण सावली त्याला सोसत नाही. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. ती वरून छाटली की दुपटीने फुटते. प्रा. सी. आर. बाबू यांनी रुजवलेल्या पद्धतीत तिचं मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार सेंटीमीटरवर तोडून झुडूप उलटं करून ठेवतात, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. फळं धरण्याआधी हे केलं तर पक्ष्यांमार्फत बीही पसरत नाही.

याच विचाराने आणखी एक गोष्ट करायला हवी, ती म्हणजे नकोशांची यादीच तपासून पाहणं. आपण जे तण म्हणून उपटतो त्यात घोळ, केना, कुरडू, टाकळा, माठ यांसारख्या रानभाज्याही असतात. ओळख पक्की असेल तर त्या ताटात याव्यात. लेडीबर्ड भुंग्याच्या काळसर, काटेरी अळ्या पाहून लोक घाबरतात आणि चिरडतात, खरं तर त्याच अळ्या मावा खाऊन गुलाब वाचवतात. आपल्या झाडांना खरोखर धक्का पोचतोय का, हा प्रश्न विचारल्यावर यादीतली बरीच नावं गळतात.

या सगळ्यावर काही आक्षेप येतील आणि ते विचारात घ्यायलाच हवेत. पहिला असा, की उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात, तिथे दयेचं काय घेऊन बसलात? पण मी उंदीर सहन करा असं म्हणतच नाही. विषाने आठवडाभर कमी झालेले उंदीर महिन्याने परत येतात, तर खाणं आणि बिळं बंद केल्याने ते कायमचे कमी होतात. आजाराची खरी काळजी असेल, तर खाणं आणि बिळं बंद करण्याचाच मार्ग धरायला हवा. दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे: अहिंसा मानणाऱ्याने गोगलगायही का मारावी? हा प्रश्न मला गंभीर वाटतो. पण काहीच न करणं हाही एक निर्णय असतो आणि त्याची किंमत ज्यांच्या जागा ती बळकावते त्या देशी जिवांनी आणि शेजारच्या शेतकऱ्याने मोजायची असते. माणसानेच आणलेल्या जिवाचा उपद्रव निस्तरणं हे माणसाचंच काम आहे. तिसरा आक्षेप असा, की गोगलगायीला वेदना होतात हे तरी कुठे सिद्ध झालंय? पूर्णपणे सिद्ध नाही. ब्रिटनने २०२२ च्या प्राणी-संवेदना कायद्यात ऑक्टोपस आणि खेकड्यांना घेतलं, गोगलगायींना नाही. पण मीठ टाकण्याऐवजी एका घावात मारायला आपल्याला एक पैसाही जास्त लागत नाही. सावधगिरी इतकी स्वस्त असताना पुराव्याची वाट कशाला पाहायची? चौथा आणि सर्वांत व्यवहारी आक्षेप वेळेचा. शेतकऱ्याच्या एकरांवर हे सारं हाताने होणार नाही, हे खरंच आहे. त्याची पोटाची गरज वेगळी आणि त्याच्यासाठी कृषी विद्यापीठांच्या शिफारशीही वेगळ्या. परसबागेत मात्र कुणाच्या चुलीचा प्रश्न नसतो. बाग आपण हौसेने करतो, म्हणूनच तिथे जास्त काळजी घेणं आपल्याला परवडतं. आणि वेळेचा हिशेब मांडलाच, तर दर महिन्याला नवं विष आणणाऱ्यापेक्षा एकदाच भोकं बुजवणाऱ्याचा वेळ कमी जातो.

म्हणून बागेत नकोसा जीव दिसला की औषधाच्या दुकानाकडे जाण्याआधी चार प्रश्न ओळीने विचारावेत. हा खरोखर नुकसान करतोय का? त्याला इथे काय मिळतंय, आणि ते काढून घेता येईल का? अडवून भागेल का? आणि अगदी काढायचाच असेल, तर सर्वांत कमी यातनेचा, इतर कुणाला न भोवणारा मार्ग कोणता? बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नावरच काम भागतं. चौथ्यावर येणं भाग पडलं, तर तोंड फिरवून विषावर सोपवण्यापेक्षा स्वतः पुढे होऊन ते काम चटकन आणि नीट पार पाडणं हीच खरी दया. बाग आपण आखतो, पाणी आपण घालतो, खतही आपणच टाकतो. तिथे कोण येतं हे आपल्याच करणीने ठरतं, आणि जे आपल्या करणीने येतात त्यांच्या शेवटाची जबाबदारीही आपल्यावरच येते.